जाळीची चाकं

काम बिघडलं की धम्मदीप शांत असायचा. गाडी भर रस्त्यात मेली, इंजिन फुटलं, गिअरबॉक्समधनं दात गळायला लागले, तरी हा गडी आधी निवांत चहा पिणार आणि मग पान्याला हात घालणार. पण काम चोख झालं, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं, की याला घोर लागलाच म्हणून समजा. नट आवळला का? पिन घातली का? जेवताना हात थांबायचा. त्याची बायको अंजली म्हणायची, "तुमाला सुख टोचतंय." खोटं नव्हतं ते.

आणि विजयसिंहाच्या पिकअपचं काम तर असं झालं होतं की निमगाव केतकीच्या स्टँडवरची रिकामी माणसं गॅरेजसमोर येऊन नुसती चाकांकडं बघत उभी राहायची. म्हणजे धम्मदीपच्या जिवाला घोर किती असेल बघा. पण नमनाला घडाभर तेल नको, सरळ गोष्टीकडं येऊ.

विजयसिंह म्हणजे दत्तोबांचा थोरला. दत्तोबा ऊसवाले, कारखान्याचे जुने सभासद, बोलणं कमी आणि शब्द जड. पोरगं बापाच्या उलट. त्याला वेड एकच, वेगाचं. बारामतीच्या रस्त्यावर एसटीनं मागं टाकलं तर याला जेवण जायचं नाही. शाळेत तो धम्मदीपच्याच बाकावर बसायचा. तेव्हासुद्धा यानं सायकलची घंटा काढून फेकली होती, का तर म्हणे वजन कमी होतं. आता यानं पिकअपचं मूळ इंजिन काढलं, पुण्याच्या जुन्या बाजारातनं टर्बोचं दांडगं इंजिन आणून बसवलं, आणि चाकंही बदलली. मोठ्या भोकांची, जाळीची, लांबूनही लखलखणारी चाकं. गाडी उडायला लागली. थांबायचं तेवढं राहिलं.

"विजू, पळवायला इंजिन आनलंस," धम्मदीप म्हणाला. "थांबवायला काय आनलंस?"

"त्याच्यासाठी तू हाईस की."

तर ठरलं असं, की पुढच्या दोन चाकांचे ड्रम ब्रेक काढायचे आणि डिस्क ब्रेक बसवायचे. ड्रम म्हणजे बंद डबा. आतल्या आत पट्टे फाकतात आणि चाक धरतात, बाहेरचा चिखल बाहेर. डिस्क म्हणजे उघडी लोखंडी थाळी, आणि तिला दोन्हीकडनं चिमट्यात धरणारं कॅलिपर. पकड एक नंबर. पण या गाडीला ते कंपनीनं दिलेलंच नव्हतं. मोडीत निघालेल्या एका जीपची कॅलिपरं मिळाली, तर ती बसेनात. कान मोठे, भोकं भलतीकडं. धम्मदीपनं कान घासले, कळंबच्या हिंदुरावाच्या लेथवर पोलादाचे ब्रॅकेट कातून आणले, पिस्टन बाहेर काढून धुतले, रबरी सील नवे घातले. बसवलं, बघितलं, उतरवलं, पुन्हा घासलं. हिंदुराव वैतागून म्हणाला, "आरं बाबा, गाडीचं लगीन लावतूयास का ब्रेक?"

शेवटी ब्रेक ऑइलच्या पायपातली हवा काढायला पेडलवर माणूस पाहिजे होता. अंजली डबा घेऊन आली होती, तिलाच सीटवर बसवलं. हा खाली आडवा.

"मार. मार. आता धर. सोडू नगं."

"धरलंय की. पाय गेला माझा."

"सोड आता."

असं करत करत पेडल असं घट्ट झालं की अंजलीच म्हणाली, "दगडावर पाय दिल्यावानी लागतंय." मग त्यानं कालव्याच्या रस्त्यावर गाडी नेली, भरधाव सोडली आणि दाबला ब्रेक. गाडी जागच्या जागी. मागं ठेवलेला पान्याचा डबा पुढं येऊन आदळला. विजयसिंह लहान पोरासारखा हसत सुटला.

त्याच दिवशी दत्तोबा स्टँडवरच्या गॅरेजात आले. खाली वाकले, जाळीतनं आत बघितलं.

"मोडीतला माल हाय म्हनं."

"तात्या, गाडी मोडीत निघाली हुती. कॅलिपरं न्हाय."

"बोलायला ग्वाड लागतं." दत्तोबा सरळ झाले. "माझी नात बसती या गाडीत. ब्रेक फेल गेला, तर या गावात तुला सायकलचं पंक्चरबी काढू द्यायचो न्हाय. ध्यानात ठेव."

धम्मदीप हसला खरा, पण ते शब्द त्याच्या छातीत जाऊन बसले. गावात गाड्या सगळ्या ऊसवाल्यांच्या. दत्तोबांनी एकदा नाही म्हटलं की बाकीचेही नाहीच म्हणणार. आणि घरी रामभाऊ, त्याचे वडील, कालवा खात्यात नोकरी करून पोराला शिकवणारे. पोरगं साहेब होईल म्हणून वाट बघत होते, तर पोरानं हातात पाना घेतला. गॅरेज बंद पडलं तर ते काही बोलणार नाहीत, नुसते बघतील. ते बघणं धम्मदीपला नको होतं.

खंडेनवमीला दुपारी तो गाडी पोचवायला दत्तोबांच्या वस्तीवर गेला. अंगणात औजारं धुऊन ओळीनं मांडलेली. कोयते, कुदळी, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर. झेंडूचा ढीग पडलेला, आणि छकुली, विजयसिंहाची लेक, त्यातनं फुलं उचलून कुत्र्याच्या गळ्यात घालायच्या खटपटीत. विजयसिंहाची आई ठमाबाई ताट घेऊन बाहेर आल्या.

"धम्मा, थांब की. तुझ्या हातनं झाली गाडी, नारळ तूच फोड."

"काकी, आमच्यात न्हाय करत."

"म्हाईत हाय रं. नुसता हुबा ऱ्हा मग."

तो उभा राहिला. पण कसा, तर पाठ करून. रामभाऊंचं लहानपणापासनं सांगणं होतं, जिथं आपला हात जोडायचा न्हाय, तिथं डोळंबी लावायचं न्हाईत, दुसऱ्याच्या देवाला टकाटका बघू नये. त्यात स्वतःचा मान होता आणि दुसऱ्याचाही होता, असं त्याला वाटायचं. म्हणून तो गोठ्याकडं तोंड करून उभा राहिला, म्हशीकडं बघत. मागं नारळ फुटला. ठमाबाई काहीतरी पुटपुटत गाडीभोवती फिरत होत्या. छकुली म्हणाली, "आजी, हितं पन घाल, हितं पन." मग खोबऱ्याचा तुकडा घेऊन तीच त्याच्यापुढं आली. तो त्यानं खाल्ला, आणि चालत घरी गेला.

काम चोख झालेलं. गिऱ्हाईक खूश. नट आवळला का? पिन घातली का?

दसऱ्याच्या सकाळी पांढरे कपडे घालून तो अंजलीबरोबर विहारात बसला होता. वंदना चालू. सगळ्यांचे ओठ हलत होते, याचेही हलत होते, पण डोक्यात ब्रॅकेटचे बोल्ट. डाव्या बाजूचा वरचा आवळला होता. खालचा? खालचाही आवळला होता. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि भिमा, त्याचा चुलतभाऊ, चपला न काढताच दारात येऊन उभा राहिला.

"दादा, विजयसिंहाची पिकअप उसात गेली. ब्रेक लागला न्हाय म्हनत्यात. पोरगी हुती आत."

 धम्मदीप उठला कधी, मोटारसायकलवर बसला कधी, त्याला कळलं नाही. वाटेत तो भिमाला एकच विचारत होता, पोरगी कशी हाय, आणि भिमाला ठाऊक नव्हतं.

कालव्याच्या वळणापाशी गर्दी जमली होती. पिकअप रस्ता सोडून फडात घुसलेली, मागं ऊस आडवा, आणि झेंडूची फुलं सगळीकडं. विजयसिंह बारामतीला फुलं घेऊन निघाला होता. छकुली हट्टानं पुढं बसलेली. वळणावर समोरनं ऊसतोड्यांच्या बैलगाड्या आल्या, यानं ब्रेक दाबला, आणि गाडी लोण्यावरनं घसरल्यासारखी नुसती पुढं जात राहिली. बैलांवर घालण्यापेक्षा यानं ती उसात घातली. उसानं झेललं. छकुलीचा हात मोडला होता. ठमाबाई तिला घेऊन इंदापूरला दवाखान्यात गेल्या होत्या. हात मोडला म्हणजे जीव आहे, एवढं ऐकून धम्मदीप विजयसिंहाकडं वळला.

"पेडल खाली गेलं का?" त्यानं विजयसिंहाला विचारलं.

"न्हाय. पेडल घट्ट हुतं. पर धरनाच झालं." विजयसिंहाच्या कपाळाला खोक पडली होती. तो धम्मदीपकडं बघत नव्हता. "मागच्या चाकांनी धरलं थोडं. म्होरची नुसती फिरत हुती."

दत्तोबा फडाच्या कडेला उभे होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सावकाश म्हणाले, "ट्रॅक्टरनं वढून वस्तीवर न्यायची. मग तुझी कॅलिपरं काढायची, माझं जुनं ड्रम हुतं तसं बसवायचं. आजच. आन पुन्यांदा तोंड दावायचं न्हाय."

मग काय, दसऱ्याच्या दिवशी, दत्तोबांच्या अंगणात, पांढऱ्या कपड्यात हा गडी गुडघ्यावर. जॅक लावला. चाकाचे नट सैल करायला लागला. सण असल्यामुळं माणसांची रीघ लागलेली. आपट्याची पानं घेऊन येणारा प्रत्येक जण आधी दत्तोबांच्या हातात सोनं ठेवायचा, मग खाली बसलेल्या मिस्त्रीकडं बघायचा, मग विचारायचा, काय झालं. आणि दत्तोबा प्रत्येकाला तेच सांगायचे. मोडीतला माल. मी म्हनत हुतो. एक जण जाता जाता हळूच म्हणाला, पण ऐकू जाईल एवढा, "कुनाच्या हातात काय द्यावं, ते बघाय पायजे हुतं." धम्मदीपनं मान वर केली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

चाक उतरलं. त्यानं आधी बोल्ट बघितले. सगळे आवळलेले, पिना जागच्या जागी. पाइप कोरडा. ब्रेक ऑइलची टाकी भरलेली. सील कुठं गळत नव्हता. मग बोल्ट सोडून कॅलिपर डिस्कवरनं उचललं, आणि बोटं बुळबुळीत झाली.

त्यानं बोटं नाकाजवळ नेली. ब्रेक ऑइल नव्हतं. हा वास गॅरेजचा नव्हताच, चुलीपुढचा होता. करडईचं तेल. त्यानं कॅलिपरमधले, थाळीला दाबून धरणारे दोन्ही पॅड बाहेर काढले. तेलानं पार भिजलेले, कडेला पिवळा लगदा, हळदीचा. आणि कॅलिपरच्या खाचेत अडकलेला, जळून तांबूस झालेला तांदळाचा एक दाणा. अक्षता.

त्याला सगळं एकदम दिसलं. पाठ करून उभा असताना जे दिसलं नव्हतं, तेही दिसलं. ठमाबाई तेलाची वाटी घेऊन चाकाचाकाला तेल घालतायत. बैलगाडी होती तेव्हा खंडेनवमीला तिच्या आसाला, चाकाच्या दांड्याला, घालायच्या. ट्रॅक्टर आला, त्यालाही घातलं. पिकअप आली, तिलाही दरवर्षी. चाकात तेल घातल्याशिवाय त्या घरातली पूजाच पुरी व्हायची नाही. आजवर ड्रमच्या बंद डब्यावरनं ते ओघळून जायचं, कुणाचं काही बिघडायचं नाही. यंदा चाकं जाळीची, आणि जाळीच्या आत उघडी डिस्क. हितं पन घाल, हितं पन.

धम्मदीपचा जीव भांड्यात पडला असेल, असं तुम्हाला वाटेल. पडला, पण क्षणभरच. लगेच दुसरी कळ उठली. आता सांगायचं कसं? गप्प बसावं, तर गाव म्हणणार, याच्या ब्रेकनं पोरीचा हात मोडला. बोलावं, तर म्हणणार, स्वतः देव मानत नाही, आणि आपली चूक आमच्या पूजेवर ढकलतो. इकडं आड, तिकडं विहीर. दत्तोबा बाजेवर बसून बघत होते. त्यानं पॅड फडक्यात गुंडाळले आणि उगीचच दुसऱ्या चाकाचे नट चाचपायला लागला.

अंजली जुने कपडे घेऊन आली. "पांढऱ्यावर कशाला बसलाय?" म्हणत ती खाली वाकली. त्यानं फडकं उलगडून दाखवलं. तिनं वास घेतला, दाणा बघितला, आणि तिला सांगावं लागलं नाही.

"मग सांगा की तात्यांना. म्या सोता पेडल धरलं हुतं. आपलं काम चोख हुतं."

"काय सांगू? तुमच्या पूजेनं तुमची पोर पाडली, असं?"

"खरं हाय ते."

"खरं हाय म्हनून तर अवघड हाय."

"मग गप बसा," अंजली चिडून म्हणाली. "आन उद्यापासनं गॅरेजला कुलूप लावा. मामांजींना काय सांगायचं, त्ये तुमीच ठरवा."

ती रागानं बाजूला जाऊन उभी राहिली. घरी मात्र गेली नाही. धम्मदीपला वाटलं, उठावं, पॅड दत्तोबांपुढं ठेवावेत आणि होईल ते होऊ द्यावं. तो उठलाही. दोन पावलं गेला. आणि तेवढ्यात फाटकात जीप थांबली. ठमाबाई उतरल्या, कडेवर छकुली, हाताला पांढरं प्लास्टर. पोरगी रडून दमली होती आणि आता सगळ्यांना प्लास्टर दाखवत होती.

ठमाबाईंनी नातीला विजयसिंहाच्या हवाली केलं.  कुणी पानं पुढं केली, ती घेतली नाहीत. सरळ उतरवलेल्या चाकापाशी आल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या.

"धम्मा, तेल कुटवर गेलं रं?"

 धम्मदीपच्या हातात फडकं तसंच होतं.

"काकी..."

"दाव मला. जीपमदी बसल्यापासनं माझा जीव थाऱ्यावर न्हाय. वाटीभर वतलं म्या. आतलं लोखंड चकचकीत दिसलं, म्हनलं ह्यो नवा आस आसंल. छकुली म्हनत हुती हितं घाल, म्या घालत गेले."

त्यानं फडकं उलगडलं. म्हातारीनं पॅडवरनं बोट फिरवलं, दोन बोटांत तेल चोळलं आणि वास घेतला. ज्या हातानं रोज भाकरीचं पीठ मळतात, त्या हाताला घरचं तेल ओळखायला वेळ लागत नाही. मग त्यांनी खाचेतला दाणा नखानं काढला आणि तळहातावर ठेवून बघत बसल्या.

"माझंच हाय," त्या म्हणाल्या. आणि मान न वळवता मोठ्यानं, "आयकलं का? तेल म्या घातलं. ह्या पोराचं काय चुकलं न्हाय."

दत्तोबा बाजेवरनं उठले.  चाकापाशी आले, वाकले, पॅड हातात घेऊन बघितला आणि परत ठेवला. त्यांच्या हातातली आपट्याची पानं चुरगळून गेली होती. म्हणाले, "ड्रम ऱ्हाऊ दे मग. हेच धुऊन बसीव."

"हे धुऊन चालायचं न्हाय, तात्या. पॅड नवं लागतील," धम्मदीप म्हणाला.  आता सुटलो, असं वाटायला हवं होतं, पण छातीतलं ओझं तसंच. त्यानं ठमाबाईंकडं बघितलं. "काकी, म्या तितंच हुतो. तुमी वतलं तवा. पाठ करून हुबा हुतो."

"बघितलंय म्या."

"बघितलं असतं तर..."

"तर काय. तेच म्हनतीया मी." ठमाबाईंनी तेलकट बोटं पदराला पुसली. आवाजात राग होता, आणि डोळे भरून आले होते. "हात जोडू नगंस बाबा, मी कवा म्हनले जोड? कुंकूबी लावू नगंस. पर पाठ कशापायी फिरवलीस? तोंड हिकडं असतं, तर माझा हात धरला असतास."

 विजयसिंहाच्या कडेवरनं छकुलीनं आपलं प्लास्टर धम्मदीपपुढं धरलं. त्यानं हात पुढं केला, पण बोटांना तेल होतं म्हणून थांबला. ठमाबाईंनी त्याचं मनगट धरलं, आपल्या पदरानं त्याची बोटं पुसली, आणि मग सोडलं.

त्यानं प्लास्टरवरनं हात फिरवला. मग कपडे बदलले आणि दुसरं चाक उतरवायला बसला. ठमाबाई तिथंच बसून राहिल्या, चाकाच्या आत बघत.